महापौर मिळाला, शेरीफ मिळाला नाही: व्हरमाँटच्या स्थानिक निवडणूक सेवेचे परीक्षण

उपाहारगृहाचे, बँकेचे किंवा विमा कंपनीचे परीक्षण लिहिताना आपण काही ठरलेले प्रश्न विचारतो. सेवा सहज मिळते का, कर्मचारी नीट वागतात का, माल चांगला आहे का, आणि माल सदोष निघाला तर परत करता येतो का? हेच प्रश्न मी गेली काही वर्षे वापरत असलेल्या एका सरकारी सेवेला विचारून पाहावेत, असे मनात होते. ती सेवा म्हणजे अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या स्थानिक निवडणुका. हे राज्य देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेला लागून आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ६,४३,०७७ भरली. पिंपरी-चिंचवड शहराची २०११ सालची लोकसंख्याच याच्या अडीच पटींहून अधिक होती. त्यातही जवळपास दोन तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात, आणि हे प्रमाण अमेरिकेच्या पन्नास राज्यांत सर्वाधिक आहे.

मी या सेवेचा अर्धा ग्राहक आहे, हे आधीच सांगायला हवे. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. तरीही मी माझ्या शहराचा महापौर आणि नगरमंडळ यांच्यासाठी मत देतो आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. माँटपीलियर या राजधानीच्या शहराने २०१८ मध्ये आणि विनूस्कीने २०२० मध्ये मतदारांचा कौल घेऊन, कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी रहिवाशांना शहराच्या निवडणुकीत मताधिकार देण्याचा ठराव केला. शहराची सनद, म्हणजे त्याच्या कारभाराचा मूळ कायदा, बदलायला राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. ती मिळाली, गव्हर्नर फिल स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला, आणि २०२१ मध्ये विधिमंडळाने दोन तृतीयांश बहुमताने तो नकार मोडीत काढला. बर्लिंग्टन हे राज्यातील सर्वांत मोठे शहरही २०२३ मध्ये याच वळणाने याच मुक्कामाला पोहोचले. या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत माँटपीलियरची सनद वैध ठरवली. मी या तीनपैकी एका शहरात राहतो, एवढे सांगणे पुरेसे आहे.

नोंदणीच्या बाबतीत मला एकही उणीव काढता येत नाही, आणि पुण्यात मतदारयादीतील माझे नाव दोनदा गळाल्याचा अनुभव असल्यामुळे हे वाक्य मी विचारपूर्वक लिहीत आहे. व्हरमाँटमध्ये मतदानाच्या दिवशीही मतदार म्हणून नाव नोंदवता येते. त्याआधी एक शपथ घ्यावी लागते. अठराव्या शतकापासून चालत आलेल्या या शपथेत देशभक्तीचा गजर नाही. मत देताना राज्याचे अधिकाधिक भले कशात आहे हे मी माझ्या सदसद्विवेकाने ठरवीन आणि कोणाच्या भीतीला वा मर्जीला बळी पडणार नाही, एवढेच तीत म्हटले आहे. नागरिक नसलेल्या मतदारांची यादी वेगळी ठेवतात आणि त्यांच्या हाती केवळ शहराची मतपत्रिका पडते, कारण राज्याच्या आणि देशाच्या निवडणुकांत त्यांना मत नाही. पहिल्या वेळी माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध नेपाळी भाषक बाईंनी शपथेचा कागद दोन्ही हातांत धरून, नातवाने अर्थ सांगितल्यावर प्रत्येक ओळीला मान हलवली होती. कर्मचाऱ्यांपैकी कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही.

मात्र या सेवेचा मूळ माल शहरात मिळत नाही, तो खेड्यात मिळतो. इथे ‘टाउन’ म्हणजे एक गाव आणि त्याच्या भोवतालची शेते, वाड्या नि जंगल धरून होणारा स्वराज्याचा घटक. मार्चच्या पहिल्या मंगळवारी ‘टाउन मीटिंग डे’ असतो. त्या दिवशी राज्याची सुटी असते, आणि खासगी नोकरी करणाऱ्यालाही सभेला जाण्यासाठी बिनपगारी रजा मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. बेनिंग्टनमध्ये पहिली सभा १७६२ मध्ये भरली, म्हणजे व्हरमाँट नावाचे राज्य जन्माला येण्यापूर्वीच. एका सहकाऱ्याच्या गावची सभा पाहण्यासाठी मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, बर्फाने आणि चिखलाने माखलेल्या बुटांची दाराशी रास होती, आणि माझ्यासारख्या मत नसलेल्यांसाठी एका बाजूला वेगळी रांग होती. त्या रांगेतल्या माणसाला बोलायचे असेल तर सभेची परवानगी लागते. मी अर्थातच तोंड उघडले नाही.

सभेच्या तयारीतली शिस्त पाहून मला आपल्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आठवल्या, फरक इतकाच की इथे नोटीस खरोखर वेळेवर लागते. विषयपत्रिका सभेच्या किमान ३० आणि कमाल ४० दिवस आधी जाहीर करावी लागते, आणि गावाचा छापील वार्षिक अहवाल किमान १० दिवस आधी मतदारांच्या हाती द्यावा लागतो. त्या पुस्तिकेत गावाचा जमाखर्च असतो, रस्त्यावर टाकलेल्या खडीचा हिशेब असतो, कुत्र्यांच्या परवान्यांतून किती डॉलर आले तेही असते. पहिला विषय सभाध्यक्षाची निवड हा असतो, आणि तीही दर वर्षी नव्याने होते. मग ‘सिलेक्टबोर्ड’चे सदस्य निवडले जातात. हे तीन किंवा पाच जणांचे मंडळ म्हणजे गावचे कार्यकारी मंडळ. आवाजी मतदानाने सभाध्यक्षाने दिलेल्या निर्णयावर कोणी शंका घेतली तर मतदारांना उभे करून मोजतात, आणि सात मतदारांनी मागणी केली तर चिठ्ठ्या वाटून गुप्त मतदान घ्यावे लागते. मी गेलो होतो त्या सभेत तीन वर्षांसाठीची एक जागा दीड मिनिटात भरली गेली. त्यानंतर बर्फ काढणारा जुना ट्रक आणखी एक हिवाळा चालवायचा की नवा घ्यायचा, यावर मात्र एक तास दहा मिनिटे चर्चा झाली. ट्रकचा गिअरबॉक्स नेमका कुठे आवाज करतो, हे तो चालवणाऱ्या माणसाने हातवारे करून दाखवले. हा वेळ वाया गेला असे मला वाटले नाही. कच्च्या रस्त्यांच्या या राज्यात, मार्च-एप्रिलमध्ये चिखलाचा जो पाचवा ऋतू येतो त्यात, शाळेची बस घरापर्यंत पोहोचणार की नाही हे त्या ट्रकवरच ठरते. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी जुलैच्या १० ते ११ तारखांना आलेल्या पुरांनंतर तर मोऱ्या आणि पूल हेच गावोगावच्या सभांचे मुख्य विषय होऊन बसले आहेत.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावची ग्रामसभा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते म्हणून ती मोजक्या सात-आठ जणांत उरकून इतिवृत्तावर सह्या घ्यायला ग्रामपंचायतीच्या शिपायाला घरोघर पाठवायचे, ही पद्धत मला पाठ आहे. व्हरमाँटच्या सभेला आलेला माणूस शहाणपणाने आपल्या माणसापेक्षा वरचढ आहे, असे मला मुळीच वाटत नाही. फरक अधिकारात आहे. इथली सभा अंदाजपत्रकातील आकडा तिथल्या तिथे कमी करू शकते आणि तो आकडा लगेच घरपट्टीच्या बिलात उतरतो. शाळांच्या अंदाजपत्रकांवरही लोक थेट मत देतात. मालमत्ता कर भरमसाट वाढणार असे दिसताच २०२४ च्या मार्चमध्ये राज्यातील जवळपास एक तृतीयांश शाळा-अंदाजपत्रके मतदारांनी फेटाळली आणि शाळा मंडळांना नवे आकडे घेऊन पुन्हा लोकांसमोर यावे लागले. सदोष माल परत करण्याची इतकी सरळ सोय मी दुसऱ्या कोणत्याही निवडणूक पद्धतीत पाहिलेली नाही. दुपारी गावकऱ्यांनी घरून आणलेले जेवण सर्वांनी मिळून खाल्ले. त्यात राजमा घालून केलेला तिखट रस्सा चांगला होता, पाव शिळा होता.

खेड्याकडून शहराकडे आले की सेवेचे रूप बदलते. शहरांत छापील मतपत्रिका असते, जिला इथले लोक आजही ‘ऑस्ट्रेलियन बॅलट’ म्हणतात. सकाळी कामाला जाताना पाच मिनिटांत मत देऊन बाहेर पडता येते. करोनाच्या काळात सभा भरवणे अशक्य झाले, तेव्हा अनेक खेड्यांनीही हीच पद्धत घेतली आणि त्यातली बरीचशी परत फिरली नाहीत. सोय वाढली, मतदारही वाढले, पण ट्रकच्या गिअरबॉक्सवर बोलण्याची जागा गेली. मला स्वतःला ही घट मोठी वाटते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला ती तशी वाटणार नाही, हेही मला कळते.

व्हरमाँटमधली शहरे आपल्या कल्पनेतली शहरे नव्हेत. राज्यात दहा शहरे आहेत. त्यांतील व्हर्जेन्सची वस्ती अडीच हजारांच्या आसपास असूनही त्याला रीतसर महापौर आहे. आपल्याकडे एवढ्या गावाला सरपंच असतो आणि त्याला कोणी महापौर म्हटले तर तो थट्टा समजेल. महापौरपदाचे वजन शहरागणिक बदलते. माँटपीलियर आणि विनूस्की येथे रोजचा कारभार नेमलेला व्यवस्थापक पाहतो आणि महापौर मंडळाचे अध्यक्षस्थान सांभाळतो. बर्लिंग्टनमध्ये मात्र महापौराकडे खरी सत्ता असते. याच बर्लिंग्टनने १९८१ च्या मार्चमध्ये, पुढे देशभर गाजलेले सिनेटर झालेल्या बर्नी सँडर्स यांना अवघ्या १० मतांनी महापौर केले. दोन इमारतींतले लोक त्या दिवशी घरीच बसले असते तर अमेरिकेच्या राजकारणातले एक प्रकरण कदाचित लिहिलेच गेले नसते.

बर्लिंग्टनच्या सेवेत आणखी एक वस्तू आहे, ती पसंतीक्रमाने मत देण्याची. मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो; कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर शेवटच्याला वगळून त्याची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटतात. ऐकायला ही पद्धत निर्दोष वाटते. पण २००९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत तिचा एक दोष जाहीरपणे उघडा पडला. पहिल्या फेरीत कर्ट राइट पुढे होते, शेवटी बॉब किस विजयी झाले. आणि मतपत्रिका तपासल्यावर असे दिसले की अँडी मॉन्ट्रोल यांची या दोघांपैकी कोणाशीही समोरासमोर लढत झाली असती तर मॉन्ट्रोल जिंकले असते. ज्याला दोघांच्याही समर्थकांची दुसरी पसंती होती तो मधल्या फेरीतच बाद झाला. पुढच्याच वर्षी मतदारांनी ही पद्धत रद्द केली. काही वर्षांनी ती आधी नगरमंडळासाठी आणि मग महापौरपदासाठी परत आणण्यात आली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये एमा मुल्व्हेनी-स्टॅनाक याच पद्धतीखाली शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्या पहिल्याच फेरीत निम्म्यापुढे गेल्यामुळे यंत्राची खरी परीक्षा त्या वेळी झालीच नाही. वस्तू एकदा परत करून पुन्हा विकत घेण्याचा हा प्रकार मला आवडला, कारण त्यात आपली चूक मान्य करण्याचा संकोच नाही.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्यांतली पहिली उणीव म्हणजे मालाचा तुटवडा. मतपत्रिका उत्तम छापलेली असते, पण तिच्यावर बहुतेक पदांसमोर एकच नाव असते, आणि काहींसमोर नुसती रिकामी रेघ. उमेदवारी कठीण आहे म्हणावे तर तसेही नाही: ३० मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या एक टक्क्याच्या, यांपैकी जो आकडा कमी असेल तितक्या सह्या पुरतात. रिकाम्या रेघेवर मतदार स्वतः कोणाचेही नाव लिहू शकतो आणि त्या वाटेने निवडून यायलाही किमान तितकी मते लागतात. तरी माणसे मिळत नाहीत, कारण मानधन नाममात्र, कागद भरपूर, आणि हिवाळ्यात रात्री अकरा वाजता रस्त्यावर बर्फ का साचला असे विचारणारा फोन घरी येतो. आपल्याकडे ‘बिनविरोध’ हा शब्द गावच्या कमानीवर अभिमानाने लिहिला जातो. त्यामागे कधी खरा एकोपा असतो, तर कधी बोली असते: नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने २०२१ च्या जानेवारीत तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. व्हरमाँटमध्ये पदाला बोली लागत नाही. इथे पद फुकट द्यायला तयार असूनही घ्यायला कोणी पुढे येत नाही. ब्रॅटलबरो गावाने २०२३ मध्ये सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलांना स्थानिक मताधिकार मिळवून दिला, त्यामागच्या कारणांत नव्या माणसांची ही भूकही असावी, असा माझा अंदाज आहे.

एकच नाव असण्याने सिलेक्टबोर्डाचे फारसे बिघडत नाही, कारण तो सदस्य दुकानात, टपाल कार्यालयात, शाळेच्या दारात रोज भेटतो आणि वर्षभर त्याला जाब विचारता येतो. शेरीफच्या बाबतीत हे संरक्षण नाहीसे होते. मराठी वाचकाला शेरीफ म्हटले की मुंबईचे नगरपाल आठवतील. सुनील गावसकर यांनीही भूषवलेले ते मानाचे पद आहे, त्यासाठी नेमणूक होते आणि त्यात पाहुण्यांच्या स्वागताखेरीज फारसे काही करायचे नसते. व्हरमाँटचा शेरीफ कमरेला पिस्तूल लावतो. राज्याच्या चौदा काउंटींपैकी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) प्रत्येकीत तो चार वर्षांसाठी, नोव्हेंबरच्या पक्षीय निवडणुकीत निवडला जातो. ज्या खेड्यांना स्वतःचे पोलीस परवडत नाहीत ती त्याच्या खात्याशी तासांच्या हिशेबाने गस्तीचा करार करतात. म्हणजे तो एकाच वेळी लोकप्रतिनिधी, पोलीस अधिकारी आणि कंत्राटदार असतो. आणि त्याच्यावर वरिष्ठ म्हणून कोणीच नसतो.

याचा परिणाम फ्रँकलिन काउंटीत दिसला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शेरीफ खात्यातील एका कॅप्टनने बेड्या घातलेल्या माणसाला लाथ मारल्याची चित्रफीत बाहेर आली आणि त्याला नोकरीतून काढण्यात आले. मात्र तोवर पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी होऊन गेली होती, आणि नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर शेरीफपदासमोर छापलेले नाव त्याचे एकट्याचेच होते. काही मतदारांनी रेघेवर दुसरी नावे लिहिली, पण ती पुरली नाहीत आणि तो निवडून आला. विधिमंडळाने महाभियोगाची शक्यता तपासायला समिती नेमली. राज्याच्या फौजदारी न्याय परिषदेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्याचे पोलीस म्हणून काम करण्याचे प्रमाणपत्र कायमचे रद्द केले. तरी त्याचे पद गेले नाही, कारण शेरीफ होण्यासाठी पोलीस प्रमाणपत्र असण्याची अटच नाही. सात मतदारांनी हात वर केले तर गुप्त मतदान मिळते, शाळेचे अंदाजपत्रक दोनदा परत पाठवता येते, पण शस्त्र बाळगणारा अधिकारी मुदत संपण्यापूर्वी परत पाठवण्याची कोणतीही साधी खिडकी या सेवेत मतदारासाठी ठेवलेली नाही. २०२३ मध्ये विधिमंडळाने शेरीफांच्या पैशांच्या व्यवहारांवर आणि हिशेबतपासणीवर कडक नियम घातले, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

म्हणून या सेवेला एकच गुण देणे मला जमत नाही. टाउनच्या पातळीवर मी तिला पाचपैकी साडेचार देईन, आणि अर्धा गुण फक्त रिकाम्या रेघांसाठी कापीन. शहराला चार. काउंटीला दोन, आणि तेही मतपत्रिका टपालाने घरी पाठवतात म्हणून.

या राज्यात नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक व्यावहारिक सूचना आहे. ग्रीन कार्ड असेल आणि राहणे वर सांगितलेल्या तीन शहरांपैकी एकात असेल, तर नोंदणी जरूर करावी. पण ती शहराच्या क्लार्ककडे, परदेशी रहिवाशांच्या वेगळ्या यादीतच होत आहे याची खात्री करून घ्यावी आणि त्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. मोटर वाहन खात्याच्या खिडकीवर परवाना काढताना मतदार नोंदणीचा जो प्रश्न येतो, त्याला चुकूनही ‘हो’ म्हणू नये, कारण ती नोंदणी राज्याच्या यादीत जाते. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आपण कधी मत दिले का, असे विचारतात. २०२४ च्या आवृत्तीत, जिथे परदेशी रहिवाशांना परवानगी आहे अशा स्थानिक निवडणुकीत कायदेशीरपणे दिलेल्या मतासाठी ‘नाही’ असे उत्तर चालते, असा खुलासा त्या अर्जावरच छापला होता. तरी अर्ज भरताना त्या वेळची आवृत्ती वाचावी आणि वकिलाला विचारावे.

माझी पत्नी नागरिक आहे. त्यामुळे सार्वत्रिक निवडणुकीच्या वर्षी घरी येणाऱ्या लिफाफ्यावर फक्त तिचे नाव असते आणि मी समोर बसून चहा पितो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिने ती लांबलचक मतपत्रिका टेबलावर पसरली, वरून खाली येत शेरीफपाशी थांबली, मग आणखी खाली सरकली आणि म्हणाली, “अहो, हे हाय बेलिफ कोण असतात?” मी शोधून सांगितले की गरज पडली तर शेरीफला अटक करणे हे ज्याचे काम, तो अधिकारी. तिने पेन पुन्हा वर नेले आणि शेरीफच्या ओळीपासून मतपत्रिका नव्याने वाचायला घेतली.